चाळिसावा माणूस

एखादे मुसलमान कुटुंब शिकागोसारखे महानगर सोडून आयोवा, इंडियाना किंवा मिसुरीतल्या एखाद्या लहान शहरात राहायला निघाले, की त्याला सगळीकडे सारखेच प्रश्न विचारले जातात. तिथे मशीद आहे का? हलाल मटण कुठून आणणार? मुलांना कुराण कोण शिकवणार? उद्या मुलीचे लग्न जमवायचे झाले तर स्थळे कुठून येणार? विचारणारे आपुलकीने विचारतात आणि प्रश्नही खोटे नाहीत. पण थोडा विचार केला तर लक्षात येते की हे सारे प्रश्न एकाच जातीचे आहेत. त्या शहराकडून मला काय मिळेल, एवढेच ते विचारतात. मी तिथे गेलो नाही तर तिथे कशाची उणीव राहील, हे मात्र कोणी विचारीत नाही. या लेखात मला त्या न विचारलेल्या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आयोवाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. कोकणातला मुसलमान पिढ्यान् पिढ्या घर सोडत आला आहे. आधी जहाजावर, मग मुंबईच्या गोदीत, दक्षिण आफ्रिकेत, नंतर आखातात. त्याची नातवंडे आता डॉक्टर, इंजिनिअर होऊन अमेरिकेत जात आहेत. आजोबांनी गाव सोडून महानगर गाठले. नातवापुढे प्रश्न उलटा उभा आहे. महानगर सोडून पुन्हा लहान गावात जायचे का? आजोबांना पोटासाठी जावे लागले, त्यामुळे त्यांना नीतीचा फारसा विचार करावा लागला नाही. नातवाला निवड आहे, म्हणून प्रश्नही आहे.

आधी महानगराकडे पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार शिकागोची लोकसंख्या २७ लाख ४६ हजार होती, आणि उपनगरे धरली तर ती कितीतरी वाढते. तिथला डेव्हन ॲव्हेन्यू हा रस्ता भारत-पाकिस्तानातल्या माणसांना माहेरासारखा वाटतो. त्याच्या एका भागाला सन्मानाने ‘गांधी मार्ग’ म्हटले आहे आणि दुसऱ्या भागाला ‘मोहम्मद अली जीना वे’. जे दोन नेते एका देशात मावले नाहीत, त्यांना त्या रस्त्याने शेजारी करून ठेवले आहे. बिर्याणी, बुरखा, पुस्तके, सोने, विमानाची तिकिटे सारे काही तिथे मिळते. मशिदी इतक्या की माणूस आपल्या भाषेची, आपल्या मजहबची, एवढेच काय आपल्या आवडीच्या खुतब्याची मशीद निवडू शकतो. रमजानमध्ये तरावीहला जागा मिळणे कठीण होते. अशा शहरात मुसलमान म्हणून जगणे सोपे आहे. हे सोपेपण काय चीज आहे, ते नीट तपासायला हवे.

आता हे सोपेपण सोडून लोक जातात कसे, ते पाहू. सगळेच काही हौसेने जात नाहीत. परदेशातून वैद्यकीय प्रशिक्षणासाठी जे-१ व्हिसावर अमेरिकेत आलेल्या डॉक्टरने प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परत जावे, असा तिथला नियम. त्यातून सूट मिळवण्याचा एक मार्ग १९९४ साली निघाला. सिनेटर कॉनरॅड यांच्या नावाने तो ओळखला जातो. जिथे डॉक्टरांची टंचाई आहे अशा भागात तीन वर्षे पूर्ण वेळ काम केले तर ती अट माफ होते. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला अशा २० जागा होत्या, २००२ मध्ये त्या ३० झाल्या. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मैलोन् मैल मक्याची आणि सोयाबीनची शेती. तरुण पिढी शहरांकडे निघून गेलेली, म्हातारी माणसे मागे राहिलेली, आणि तिथे जायला अमेरिकन डॉक्टर फारसा राजी नाही. म्हणून तिथल्या इस्पितळांत भारत-पाकिस्तानातले डॉक्टर दिसतात आणि त्यांत मुसलमानही बरेच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या नात्यातला एक तरुण असाच गेला. शिकागोत त्याचे प्रशिक्षण झाले आणि नंतर बायको व दोन लहान मुलांसह तो आयोवातल्या एका लहान शहरात राहायला गेला. तीन वर्षे काढायची आणि परत शिकागोला यायचे, असे ठरवूनच गेला होता. घरातले सारे त्या तीन वर्षांकडे वनवास म्हणूनच पाहत होते. दीड वर्षाने फोनवर तो मला म्हणाला, “चाचा, शिकागोत मी आठ आठ दिवस मशिदीत गेलो नाही तरी कोणाला कळत नव्हतं. इथे एक जुमा चुकला की संध्याकाळी दोघा-तिघांचे फोन येतात. आजारी आहेस का म्हणून विचारतात.” ही तक्रार आहे की समाधान, ते त्याच्या आवाजावरून ठरवता येत नव्हते. मला वाटते, दोन्ही होते.

आपल्या फिकाहशास्त्रात कर्तव्याचे दोन प्रकार मानले आहेत. एक फर्ज-ए-ऐन. नमाज, रोजा यांसारखे हे कर्तव्य ज्याचे त्याने करायचे. दुसऱ्याने केल्याने माझे फिटत नाही. दुसरे फर्ज-ए-किफाया. हे साऱ्या समाजावर असते. काहींनी पार पाडले की बाकीचे सुटतात, आणि कोणीच पार पाडले नाही तर सारे गुन्हेगार ठरतात. जनाजाची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे, दफन करणे हेही त्यातच. मदरशात हा भेद लहानपणी शिकवतात आणि आपण तो पाठ करून विसरतो. वस्तुत: माणसाने कुठे राहावे या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे, असे मला वाटते.

कारण साधे आहे. महानगरात राहणारा माणूस फर्ज-ए-किफायाच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच सुटलेल्यांमध्ये असतो. जनाजा कोणीतरी उचलतो. गुस्ल कोणीतरी देतो. त्यासाठी संस्था आहे, नेमलेली माणसे आहेत. मुलांचा मक्तब कोणीतरी चालवतो. आजाऱ्याची चौकशी कोणीतरी करतो. हा ‘कोणीतरी’ महानगरात इतका विश्वासू आहे की आपण त्याचे नावही विचारीत नाही. लहान शहरात तो ‘कोणीतरी’ दाराशी येऊन उभा राहतो आणि पाहतो तर ते आपणच असतो.

मुंबई आणि कोकण यांतला फरक ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गावात मय्यत झाली की बातमी सांगावी लागत नाही. होड्या थांबतात, दुकाने बंद होतात, तरुण पोरे कुदळ-फावडे घेऊन कबर खणायला निघतात. तीच पोरे मुंबईत नोकरीला लागली की शेजारच्या इमारतीतला जनाजा गॅलरीतून पाहतात. ती बिघडली, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण माणूस तोच आहे. बदलली आहे ती त्याच्याभोवतीची गर्दी.

हे नुसते माझे मत नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले. बोलता बोलता त्यांतल्या एकाला फिट आल्याचा आवाज आला. तो आधी मुद्रित करून ठेवलेला होता. हा आवाज फक्त आपणच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतले ८५ टक्के विद्यार्थी फिट संपण्याआधीच मदतीसाठी बाहेर आले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांतले मात्र ३१ टक्केच आले. जे आले नाहीत ते निर्दय होते का? नाही. प्रयोग करणारा आत गेला तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात कापत होते. तो बरा आहे ना, असे ते विचारीत होते. त्यांना कळवळा होता; फक्त उठण्याची पाळी आपली आहे असे वाटले नव्हते. काहींनी केले की सारे सुटतात, पण प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले तर सारे अडकतात, हे आपल्या फकिहांनी किती शतके आधी ओळखले होते!

यातही इमाम गझाली यांचे म्हणणे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात फर्ज-ए-किफायाची चर्चा करताना ते नमाज-जनाजावर थांबत नाहीत. वैद्यक, हिशेब, शेती, विणकाम, शिवणकाम ही सारी कामेही ते त्यात धरतात, कारण त्यांच्यावाचून वस्ती जगू शकत नाही. पुढे ते आपल्या काळातल्या विद्वानांना खडसावतात. कितीतरी गावांत मुसलमान वैद्य नाही, आणि तरी जो तो फिकाहच्या वादविवादात गर्दी करतो; असे का? तर वैद्यकीने काझीचे पद मिळत नाही, वक्फचा कारभार हाती येत नाही. म्हणजे जिथे आधीच पुष्कळ माणसे आहेत तिथे जाऊन आपण कर्तव्य करीत आहोत असे म्हणणे ही स्वत:ची फसवणूक आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ही टीका आज डॉक्टरांच्या महानगरी गर्दीला शब्दश: लागू पडते. गझालींनी ते नुसते लिहिले नाही. त्या काळच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक असलेल्या बगदादमध्ये ते निजामिया मदरशाचे नामवंत अध्यापक होते. १०९५ मध्ये त्यांनी ते पद आणि ते शहर सोडले. दमास्कस, जेरुसलेम, हज असा प्रवास केला आणि अखेरीस आपल्या तूस या गावी जाऊन राहिले. तिथेच ११११ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता चाळिसाची गोष्ट. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. शाफई मजहबच्या प्रचलित मतानुसार जुम्याच्या नमाजीसाठी किमान चाळीस पुरुष हवेत. हनफी मतात इमामाखेरीज तिघे पुरतात. अमेरिकेतल्या लहान शहरातली मशीद कोणा एका मजहबची नसते. अरब, सोमाली, बोस्नियन, पाकिस्तानी, हैदराबादी सारे एकाच छपराखाली उभे राहतात आणि कमी माणसांतही जुमा होतो. पण आमच्या डॉक्टरच्या अंगात कोकणातले गणित मुरलेले. तो म्हणतो, “सवयीने मी सफ मोजतो. कधी त्रेचाळीस होतात, कधी अडतीस.” शिकागोत त्याने कधी सफ मोजली नव्हती. जिथे आपल्या असण्या-नसण्याने बेरीज बदलत नाही, तिथे कोण मोजतो?

या चाळिसांची एक अट मला फार अर्थपूर्ण वाटते. चाळीस माणसे हजर असून भागत नाही. ती त्या गावची रहिवासी हवीत. उन्हाळा असो की हिवाळा, गरजेशिवाय गाव न सोडणारी. मुसाफिर नमाजीला उभा राहू शकतो, त्याची नमाजही होते, पण चाळिसांत त्याची गणती होत नाही. तीन वर्षांचे दिवस मोजत राहणारा डॉक्टर या अर्थाने कोण? तो शरीराने सफेत असतो, पण त्याचे सामान मनातल्या मनात बांधलेले असते. मजहबच्या नियमाला त्याच्या मनातले दिसत नाही. ते त्याला स्वत:लाच दिसते.

अशा रहिवाशांनी काय घडते, याचे उदाहरण आयोवातच आहे. शिकागोपासून साधारण चारशे किलोमीटरवर सीडर रॅपिड्स नावाचे शहर आहे. २०२० मध्ये त्याची वस्ती १ लाख ३७ हजार होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या सीरिया-लेबनॉनच्या भागातून काही मुसलमान तिथे आले. पाठीवर गाठोडे घेऊन शेतावर शेतावर किरकोळ माल विकत फिरणारी ही माणसे. पुढे त्यांनी किराणा दुकाने काढली. भीषण मंदीच्या काळात, १९३४ साली, त्यांनी एक छोटी लाकडी मशीद उभी केली. मशीद म्हणून बांधलेली आणि आजही उभी असलेली अमेरिकेतली ती सर्वांत जुनी इमारत; तिला ‘मदर मॉस्क’ म्हणतात. पुढे त्यांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र कब्रस्तान केले. याच शहरातला अब्दुल्ला इग्राम हा तरुण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माची खूण असे, पण इस्लामला अक्षर नव्हते. मी मेलो तर मला कोणत्या रीतीने पुरणार, हा त्याचा प्रश्न होता. युद्धानंतर त्याने तो सरकारदरबारी मांडला, आणि १९५२ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मुसलमानांची परिषद सीडर रॅपिड्समध्येच भरवली. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. मक्याच्या शेतांतले एक शहर! जिथे ‘कोणीतरी’ नव्हते तिथे इग्रामला ‘कोणीतरी’ व्हावे लागले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्थ डकोटात रॉस नावाच्या खेड्याजवळ सीरियातून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी १९२९ मध्ये मशीद बांधली होती. सीडर रॅपिड्सच्याही आधी. पण पुढची पिढी पांगली. कोणी शहरांकडे गेले, कोणी ख्रिस्ती झाले, सफेत उभे राहायला माणसे उरली नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पडकी इमारत पाडण्यात आली. २००५ मध्ये तिथे आठवण म्हणून एक लहानशी नवी मशीद बांधली गेली. शेजारी जुने कब्रस्तान आहे. तिथून निघून गेलेल्या एकाही माणसाने काही गैर केले असे म्हणता येत नाही. प्रत्येकाचे कारण रास्त होते. आणि साऱ्यांची रास्त कारणे एकत्र आली तेव्हा मशीद पडली.

इथवर वाचून कोणी म्हणेल की लेखक लहान गावाचे गोडवे गात आहे. तसे मात्र नाही. लहान गाव माणसाला मोजते हे खरे, पण मोजणे आणि पाळत ठेवणे यांत अंतर फार थोडे आहे. मध्ययुगीन जर्मनीत असा कायदा होता की वेठबिगार पळून शहरात गेला आणि वर्ष व एक दिवस तिथे राहिला, तर तो मुक्त. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०३ च्या महानगरावरील निबंधात हेच आधुनिक भाषेत सांगितले: महानगरी माणसाचा कोरडेपणा हे त्याचे कवच आहे, आणि त्याच कोरडेपणात त्याचे स्वातंत्र्यही आहे. आपल्याकडच्या किती मुलींना जमातीच्या नजरेतून मुंबईने सोडवले! किती विचार करणाऱ्या माणसांना गावाने वाळीत टाकले आणि शहराने भाड्याची का होईना खोली दिली! ज्याला गावाने छळले, त्याला गावचे कर्तव्य शिकवण्याचा अधिकार कोणाला नाही. जिथे माणसाचे माणूसपण धोक्यात येते तिथून निघून जाणे ही हिजरतच आहे.

अमेरिकेतल्या मुसलमानाला तर आणखी एक ओझे असते. महानगरात तो लाखांतला एक. लहान शहरात तो नमुना. त्याने गाडी चुकीच्या जागी लावली तर इस्लामने लावली! ११ सप्टेंबर २००१ नंतर हे ओझे दसपट झाले. मिसुरीतले जॉप्लिन हे पन्नास हजार वस्तीचे शहर. मे २०११ मध्ये तिथे भयंकर चक्रीवादळ झाले, दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथली मुसलमानांची वस्ती लहान, पण त्यांत डॉक्टर होते. त्यांनी शेजाऱ्यांच्या बरोबरीने काम केले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, रमजानच्या दिवसांत त्यांची मशीद जाळण्यात आली. नंतर काही दिवसांतच पुनर्बांधणीसाठी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणाऱ्यांत अन्य धर्मांचे लोक पुष्कळ होते. तिथल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने शेजारधर्माचा मेळावा भरला, आणि २०१४ मध्ये नवी मशीद उभी राहिली. लहान शहरात आग लावणाराही तुमचा पत्ता शोधत नाही आणि विझवायला येणाराही शोधत नाही. दोघांनाही तो माहीत असतो. हे समजून-उमजून ज्याला राहायचे आहे त्यानेच राहावे.

पण सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला त्या डॉक्टरच्या बायकोने शिकवला. शिकागोत ती शाळेत शिकवत होती. तिचे स्वत:चे मित्रमंडळ होते, स्वत:ची मिळकत होती. नवऱ्याच्या व्हिसापायी ते सारे सोडून ती आयोवात आली आणि पहिला हिवाळा तिने उणे वीस अंशांत, बर्फाकडे बघत, घरात काढला. कर्तव्याचा मान नवऱ्याला आणि किंमत मोजायची बायकोने, हा जुनाच व्यवहार. मग एके दिवशी तिथल्या एका वृद्ध बोस्नियन बाईचा इंतकाल झाला. गुस्ल द्यायला बायका हव्यात. शहरात ते जाणणाऱ्या दोघीच, त्यांतली एक परगावी. हिने लहानपणी गावात आजीला मय्यतीला गुस्ल देताना पाहिले होते. तिने तेवढ्या आठवणीवर बाह्या वर केल्या. नंतर फोनवर ती मला म्हणाली, “चाचा, तुम्ही चाळिसांचं एवढं सांगता. त्या चाळिसांत मला मोजत नाहीत. पण वेळ आली की बोलावतात मलाच.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ते शोधण्याची घाईही करू नये असे मला वाटते. फर्ज-ए-किफाया पार पाडणाऱ्यांत अर्ध्या बायका असतात आणि मोजणीत पुरुष, ही गोष्ट आपण कधी तरी नीट समोरासमोर पाहिली पाहिजे. निदान इतके तरी उघड आहे की घर हलवण्याचा निर्णय एकट्या पुरुषाच्या सवाबाचा विषय होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले कर्तव्य हे कर्तव्य नसून जबरदस्ती आहे. बायकोची आणि समजत्या वयाच्या मुलांची मनापासून राजीखुशी नसेल, तर लहान शहरात जाऊन समाजाची सेवा करणारा माणूस घरातल्यांचा हक्क बुडवतो. आपल्याकडे हक्कुल-इबाद, म्हणजे बंद्यांचा हक्क, इतका भारी मानला आहे की ज्याचा बुडवला त्यानेच माफ करावा लागतो.

तेव्हा मोठे शहर वाईट आणि लहान शहर चांगले, असा निकाल या विचारातून निघत नाही. प्रश्न शहराच्या आकाराचा नसून गर्दीचा आहे. शिकागोच्या दक्षिण भागात गरीब, मुख्यत: काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत. तिथे १९९० च्या दशकात काही तरुण मुसलमानांनी ‘इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क’ ही संस्था काढली. तिचा दवाखाना आहे, तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी काम आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवर राहणारा जो डॉक्टर आठवड्यातून एक दिवस अशा कामाला जातो, त्याने शहर न सोडताही गर्दी सोडली. उलट आयोवात राहून जो फक्त इस्पितळ आणि घर एवढेच करतो आणि दर शनिवारी गाडी काढून शिकागो गाठतो, तो पत्त्याने तिथला, पण मनाने मुसाफिरच. आणि कर्तव्य फक्त मुसलमानांपुरते नाही. या डॉक्टरचे रुग्ण कोण? सत्तरी ओलांडलेले जर्मन आणि नॉर्वेजियन वंशाचे शेतकरी. त्यांतल्या कित्येकांनी त्याच्याआधी मुसलमान पाहिला नव्हता. गझालींनी वैद्यकीला फर्ज-ए-किफाया म्हटले ते वस्ती जगावी म्हणून, आणि आजार काही धर्म विचारून येत नाही.

हिजरतीच्या इतिहासात एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. ६२२ मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) मक्का सोडून यसरिबला गेले. मक्का व्यापाराचे आणि यात्रेचे केंद्र. यसरिब खजुरीच्या बागांतल्या विखुरलेल्या वस्त्यांचे गाव. नाइलाजाने जावे लागले, हे उघड आहे. पण ६३० मध्ये मक्का जिंकली गेली. जन्मगाव, काबागृह, सगेसोयरे सारे परत मिळाले. आता ते इथेच राहतील, अशी भीती मदीनेच्या अन्सारांना वाटली. पैगंबर (स.) राहिले नाहीत. ते मदीनेला परतले आणि त्यांची कबरही तिथेच आहे. पहिले जाणे परिस्थितीने घडवले होते. दुसरे परतणे हा निर्णय होता. ज्यांनी संकटात आपली घरे उघडली, त्यांचा हक्क गरज संपल्यावर संपत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

त्या डॉक्टरची तीन वर्षे येत्या उन्हाळ्यात पुरी होतात. राहायचे की जायचे हे ती दोघे मिळून ठरवतील, आणि दोन्ही निर्णय चांगल्या माणसाचे असू शकतात. पण जाण्याच्याही दोन रीती आहेत. गर्दीतून माणूस उठून जातो तेव्हा मागे वळून पाहण्याची त्याला गरज नसते. जागा आपोआप भरते. जिथे आपण मोजले गेलो तिथून मात्र असे उठता येत नाही. आपली जागा कोण घेईल हे पाहूनच निघावे लागते. मागच्या महिन्यापासून त्याची बायको तिथल्या दोन तरुण मुलींना, एक सोमाली आणि एक हैदराबादी, गुस्लची रीत शिकवते आहे. पाणी किती कोमट असावे, उजवी बाजू आधी का, चादर कशी धरावी म्हणजे मय्यतीचा पडदा राहतो. ती शिकागोला गेली तरी त्या शहरात आता ते काम अडणार नाही, आणि राहिली तर ती एकटी असणार नाही. फकिहांनी रहिवासी कोणाला म्हणायचे ते उन्हाळ्या-हिवाळ्यावरून ठरवले आहे. मला वाटते, आपण गेल्यावर आपले काम करणारा माणूस ज्याने तयार करून ठेवला, तो चार महिने राहिला असला तरी त्या गावचा रहिवासीच होता.